प्रश्न विचारण्याची पाळी विद्यार्थ्यांची: इंग्रजीच्या वर्गातील खेळ आणि नाट्य यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मातृभाषेच्या माध्यमातून शिकणाऱ्या, तेरा-चौदा वर्षांच्या 32 विद्यार्थ्यांच्या एका वर्गाचे आहे. इंग्रजी हा त्यांचा लहानपणापासूनचा विषय असला, तरी वर्गाबाहेर ती भाषा बोलण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येत असे. शाळेची, शिक्षिकेची आणि विद्यार्थ्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र बदललेली नाहीत. प्रस्तुत लेखक या उपक्रमाच्या नियोजनात शिक्षिकेसोबत होता आणि पुढील निरीक्षणे त्या नात्याने नोंदवली आहेत.

वर्ग कच्चा मुळीच नव्हता. उतारा वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे बहुतेकांना लिहिता येत, क्रियापदांची रूपे पाठ होती आणि निबंधाचे ठरावीक विषय दिले तर पानभर मजकूर सहज तयार होत असे. आदल्या वर्षी याच मुलांनी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात एक इंग्रजी नाटिका सादर केली होती. उच्चार घोटवून घेतले होते, तालमी भरपूर झाल्या होत्या, प्रयोगाला दादही चांगली मिळाली होती. त्यामुळे ‘नाटकाने इंग्रजी सुधारते’ या विधानाला शाळेत कोणाचाच विरोध नव्हता. नेमके काय सुधारते, हा प्रश्न मात्र तोवर कोणी विचारला नव्हता.

समस्या

सत्राच्या सुरुवातीला शिक्षिकेने पालकांची संमती घेऊन काही जोड्यांचे संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित केले. काम साधे होते: जोडीदाराने सुट्टीत काय केले हे प्रश्न विचारून जाणून घ्यायचे. ध्वनिमुद्रण ऐकताना जे लक्षात आले ते अपेक्षेपेक्षा वेगळे होते. उत्तर देणारी मुले अडखळत का होईना, बोलत होती. अडत होते ते प्रश्न विचारणाऱ्यांचे. बहुतेकांचा सारा डोलारा ‘अँड?’ आणि ‘देन?’ या दोन शब्दांवर उभा होता. क्वचित कोणी धीर करून ‘यू वेंट व्हेअर?’ असे विचारी. मिळालेल्या उत्तरातला धागा पकडून पुढचा प्रश्न विचारण्याचे उदाहरण जवळजवळ नव्हतेच. नाटिकेत प्रमुख भूमिका करणारी आणि रंगमंचावर ‘व्हेअर डिड यू हाइड द लेटर?’ हे वाक्य खणखणीत आवाजात म्हणणारी मुलगीही या कामात ‘देन?’च्या पुढे गेली नाही.

याचे पहिले कारण भाषेच्या रचनेत आहे. मराठीसह अनेक भाषांत विधानाचा प्रश्न करताना शब्दक्रम मोडावा लागत नाही. प्रश्नार्थक शब्द घातला आणि सूर बदलला की काम भागते. इंग्रजीत बहुतेक क्रियापदांच्या बाबतीत त्याखेरीज ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांपैकी एक साहाय्यक क्रियापद आणावे लागते, ते कर्त्याच्या आधी बसवावे लागते आणि मूळ क्रियापदावरची काळाची खूण काढून टाकावी लागते. बोलण्याच्या ओघात एका क्षणात हे सगळे साधणे अवघड आहे, आणि ते सरावानेच अंगवळणी पडते.

दुसरे कारण वर्गाच्या रचनेत होते आणि ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटले. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्टहार्ड या भाषाभ्यासकांनी 1975 मध्ये वर्गातील संवादाचा जो ठरावीक आकृतिबंध मांडला, तो याही वर्गात जसाच्या तसा दिसत होता: शिक्षक प्रश्न विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तरावर शेरा देतो. या व्यवस्थेत प्रश्न विचारण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही शिक्षकाकडे राहतात. शिवाय शिक्षक विचारतो त्यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याला आधीच ठाऊक असतात. म्हणजे वर्षानुवर्षे इंग्रजी शिकलेल्या या मुलांवर, स्वतःला माहीत नसलेली एखादी गोष्ट इंग्रजीतून विचारण्याची वेळ कधी आलीच नव्हती.

भीतीचा मुद्दाही होताच. परकीय भाषेच्या वर्गात वाटणारी धास्ती ही एक स्वतंत्र बाब आहे, हे एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवून दिले, आणि तेव्हापासून खेळाचे समर्थन बहुधा ‘भीती जाते’ याच एका कारणाने केले जाते. या प्रकरणात ते कारण पुरेसे नव्हते, असे माझे मत आहे. भीती गेली म्हणून प्रश्नाची रचना येत नाही. तिच्यासाठी प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही, अशी परिस्थिती लागते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुन्हा नाटिका बसवण्याचा होता. त्याची जमेची बाजू खरी होती: संहितेमुळे मुलांना भाषेचे निर्दोष नमुने मिळतात, वारंवार म्हटल्याने उच्चार, आघात आणि वाक्याची लय सुधारते आणि शाळेला दाखवण्याजोगे काही हाती येते. परंतु संहितेतला प्रश्न विचारणाऱ्या पात्राला उत्तर आधीच पाठ असते, त्यामुळे मूळ अडचण तशीच राहिली असती.

दुसरा पर्याय भाषिक खेळांच्या स्पर्धांचा होता. तो काही तास करून पाहिला. चुकला की बाद, अशा स्वरूपाच्या खेळांत ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुले पहिल्या काही मिनिटांत बाद होतात आणि उरलेला वेळ इतरांचा खेळ पाहत बसतात. वर्ग उत्साहाने दणाणून जातो, पण तो उत्साह कोणाचा आहे हे पाहिले, तर बोलणारी मुले तीच ती आढळतात. बाद करण्याचे खेळ आम्ही पूर्णपणे सोडून दिले आणि हा निर्णय आजही योग्य वाटतो.

तिसरा पर्याय माहितीतील तफावतीवर आधारलेल्या भूमिकाभिनयाचा होता: दोघांकडे वेगवेगळी माहिती द्यायची आणि ती जुळवल्याशिवाय प्रसंग पुढे सरकणार नाही, अशी मांडणी करायची. चौथा पर्याय ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांच्या पद्धतीचा, म्हणजे शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरून वर्गाला जाणकाराच्या जागी बसवण्याचा होता. शेवटचे दोन्ही पर्याय एकाच गोष्टीत गुंफायचे आणि प्रेक्षकांसमोरचे सादरीकरण तूर्त बाजूला ठेवायचे, असे ठरले. मुख्याध्यापकांनी याला मान्यता दिली, परंतु वार्षिक कार्यक्रमात वर्गाने काहीतरी सादर करावे ही अट कायम ठेवली.

केलेली कार्यवाही

गोष्टीचे स्थळ म्हणून हरवलेल्या वस्तूंचा कक्ष निवडला. दोन बाक जोडले की खिडकी तयार होत असे. पहिल्या तासाला ‘कर्मचारी’ आणि ‘प्रवासी’ अशा भूमिकांच्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रवाशाच्या चिठ्ठीवर त्याच्या पिशवीचे वर्णन होते, कर्मचाऱ्याच्या चिठ्ठीवर सापडलेल्या पिशवीचे. प्रयोग जवळपास लगेच संपला. प्रवाशाने एका दमात सगळे वर्णन वाचून दाखवले, कर्मचारी ‘ओके, टेक इट’ म्हणाला आणि दोघे जागेवर जाऊन बसले. माहितीत तफावत होती, पण विचारण्याची निकड नव्हती.

म्हणून चिठ्ठ्या बदलल्या. कर्मचाऱ्याकडे आता एकाऐवजी दोन निळ्या पिशव्या आल्या. दोन्हींत छत्री होती, दोन्हींत किल्ली होती. फरक एवढाच की एका किल्लीला लाल दोरा बांधलेला होता. प्रवाशाच्या चिठ्ठीवर सर्वांत शेवटी दोऱ्याचा उल्लेख होता, पण विचारल्याशिवाय सांगायचे नाही अशी सूचना होती. पिशवी चुकीच्या माणसाला दिली तर कर्मचाऱ्याला वरिष्ठांपुढे जाब द्यावा लागेल, हेही ठरले. एवढ्या बदलाने प्रसंगाचा तोल फिरला. एरवी गप्प असणारी एक मुलगी कर्मचारी होती. ‘वॉट इज इन द बॅग?’ हा प्रश्न तिने नीट विचारला. ‘अम्ब्रेला अँड की,’ असे उत्तर आले. तिने चिठ्ठीकडे पाहिले, दोन्ही पिशव्यांत तेच होते. ती थांबली, मग म्हणाली, ‘की इज हाऊ?’ समोरच्या मुलाला काही उमगले नाही.

येथे पहिला महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागला: चूक दुरुस्त कधी आणि कशी करायची? सुरुवातीच्या तासांत शिक्षिका ‘वरिष्ठ अधिकारी’ होऊन प्रसंगात येत आणि चुकलेले वाक्य बोलता बोलता सुधारून पुन्हा म्हणत. ओघ तुटत नसे, पण मुले सुधारलेले वाक्य ऐकून सोडून देत. हा अनुभव अपवादात्मक नाही. रॉय लिस्टर आणि लीला रँटा यांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा जो अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अशी अप्रत्यक्ष दुरुस्ती शिक्षक सर्वाधिक वापरतात आणि तिच्यामुळे विद्यार्थी स्वतःचे वाक्य सुधारण्याचे प्रमाण मात्र सर्वांत कमी असते, असे आढळले होते.

त्याऐवजी ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमधून एक युक्ती घेतली. त्या नाट्यप्रकारात प्रेक्षक प्रसंग थांबवतो आणि पात्राची जागा घेऊन तो वेगळ्या रीतीने पुढे नेतो. आमच्या वर्गात टाळी वाजली की प्रसंग गोठायचा, पाहणारी मुले पर्यायी वाक्ये सुचवायची, पात्राने त्यांतले एक निवडायचे आणि प्रसंग दोन वाक्ये मागे नेऊन पुन्हा सुरू करायचा. वर उल्लेखिलेल्या मुलीला तीन सूचना मिळाल्या: ‘व्हिच टाइप की?’, ‘वॉट इज ऑन द की?’ आणि ‘इज एनीथिंग टाइड टू द की?’ तिने मधली निवडली. ‘वॉट इज ऑन द की?’ असे विचारताच समोरचा मुलगा ‘रेड थ्रेड!’ असे जवळजवळ ओरडलाच, आणि पिशवी त्याला मिळाली. पुढच्या आठवड्यात एका वहीच्या प्रसंगात याच मुलीने कोणाच्याही मदतीविना ‘वॉट इज ऑन द कव्हर?’ असे विचारले. नियम सांगून जे झाले नसते, ते एका अडलेल्या क्षणाने केले, असे मी यावरून म्हणेन. ज्या क्षणी वाक्याची गरज भासली, त्याच क्षणी ते हाताशी आले आणि लगेच वापरूनही झाले.

थांबवण्याला मर्यादा घालणे आवश्यक होते. एका प्रसंगात दोनपेक्षा जास्त वेळा टाळी वाजवायची नाही आणि केवळ प्रश्नाची रचना अडली असेल तरच वाजवायची, असा नियम केला. उपपदे आणि शब्दयोगी अव्यये यांच्या चुका शिक्षिका टिपून ठेवत आणि तासाच्या शेवटी फळ्यावर घेत.

दुसरा टप्पा शिक्षिकेच्या भूमिकेचा होता. त्या कक्षातील ‘आजच रुजू झालेल्या कर्मचारी’ झाल्या आणि वर्ग अनुभवी कर्मचारी झाला. कामाची माहिती त्यांना मुलांकडून घ्यावी लागे. ‘दोन माणसे एकाच पिशवीवर हक्क सांगू लागली तर मी काय करू?’ या त्यांच्या इंग्रजी प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते, त्यामुळे मुलांना ते खरोखरच शोधावे लागले. एके दिवशी त्यांनी भूमिकेतच एक पिशवी भलत्याच माणसाला देऊन टाकली. मग सगळ्या वर्गाने त्यांना धारेवर धरले. भूतकाळातले प्रश्न, जे अनेक तास समजावूनही तोंडी येत नव्हते, ते येथे आपोआप हवे झाले: ‘व्हाय यू गेव्ह?’, ‘व्हाय डिड यू गिव्ह इट टू हिम?’, ‘डिड यू सी हिज कार्ड?’ मुलांना रागावण्याचा अधिकृत परवाना मिळाला होता आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला.

या टप्प्यावर एक सूचना पुढे आली की चुकीच्या रचनेचा प्रश्न आल्यास शिक्षिकेने ‘समजले नाही’ असे दाखवावे. आम्ही ती नाकारली. ‘व्हाय यू गेव्ह?’ हे कोणालाही समजते; न समजल्याचा आव आणला असता तर मुलांना त्यातली परीक्षा लगेच ओळखू आली असती आणि खेळावरचा विश्वास गेला असता. त्याऐवजी प्रत्येक गटाने चौकशीआधी आपले प्रश्न लिहून काढावेत, अशी व्यवस्था केली. ही पूर्वतयारी मातृभाषेत चर्चा करून करण्याची मुभा होती; खिडकीपुढे मात्र फक्त इंग्रजी. काही सहकाऱ्यांना मातृभाषेची ही सवलत खटकली. पण काय विचारायचे हेच ज्याला ठरवता आले नाही, त्याला ते कसे विचारायचे हा प्रश्नच पडत नाही.

एका विद्यार्थिनीचा नकार

उपक्रमातील सर्वांत नाजूक निर्णय एका मुलीविषयीचा होता. ‘बाई, मी पुढे येणार नाही,’ असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले आणि ती त्यावर ठाम राहिली. लेखी कामात ती वर्गात अग्रेसर होती. तिला सक्ती करणे, तिला सूट देणे किंवा तिच्यासाठी निराळे काम शोधणे, असे तीन मार्ग होते. सक्तीने खेळ हा खेळ राहत नाही. सूट दिली असती, तर ज्या अडचणीसाठी उपक्रम आखला तीच तिच्यापुरती कायम राहिली असती. म्हणून आधी तिच्याकडे चिठ्ठ्या लिहिण्याचे काम दिले. ते तिने इतके बारकाईने केले की कोणता तपशील लपवला तर समोरच्याला कोणता प्रश्न सुचेल, याचा विचार ती शिक्षिकेच्या बरोबरीने करू लागली.

काही आठवड्यांनी दूरध्वनीचे प्रसंग सुरू झाले. त्यांत दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि बाकीच्या वर्गाने त्याच वेळी आपापल्या जोडीत बोलायचे, म्हणजे पाहणारे कोणी उरत नाही. हावभाव दिसत नसल्यामुळे सारा भार शब्दांवर येतो, हा या रचनेचा भाषेच्या दृष्टीने फायदा आहेच. या मुलीला मात्र तिचा चेहरा कोणी पाहत नाही, हे पुरेसे होते. ती बोलली, प्रश्न विचारले, काही वेळा जोडीदाराचे वाक्य दुरुस्तही केले. खिडकीपुढे ती शेवटपर्यंत आली नाही, आणि तिला आणण्याचा प्रयत्नही आम्ही केला नाही. तिला भय भाषेचे नव्हते, नजरांचे होते. हा फरक ओळखता आला नसता, तर तिची नोंद ‘तोंडी कामात कमकुवत’ अशी झाली असती.

सादरीकरणाचा पेच

वार्षिक कार्यक्रम जवळ येऊ लागला तसा मुख्याध्यापकांच्या अटीचा विचार करावा लागला. उत्स्फूर्त प्रसंग पालकांपुढे फसला तर मुलांची हिंमत खचेल, अशी शिक्षिकेला काळजी होती. पूर्ण पाठांतर केले तर वर्षभराचे काम पुसले जाईल, असे मला वाटत होते. दोन्ही शंका रास्त होत्या. शेवटी प्रसंगाची सुरुवात आणि शेवट बांधून घ्यायचा आणि मधला भाग मोकळा ठेवायचा, असे ठरले: प्रेक्षकांपैकी कोणी आपली एखादी वस्तू पेटीत टाकायची आणि मंचावरच्या कर्मचाऱ्यांनी प्रश्न विचारून मालक शोधायचा.

बांधलेल्या भागांच्या तालमींचा एक लाभ मी आधी कमी लेखला होता, असे नव्हे. पण तो येथे स्पष्ट दिसला. उत्स्फूर्त बोलण्यात मुलांचे लक्ष अर्थावर असते, त्यामुळे आघात आणि लय यांकडे दुर्लक्ष होते. तालमीत तीच वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणताना ‘डिड यू’ हे दोन शब्द जोडून, हलके उच्चारायचे आणि जोर मुख्य क्रियापदावर द्यायचा, हे मुलांच्या जिभेवर बसले. प्रयोगाच्या दिवशी मधला भाग थोडा लांबला, एका ठिकाणी बराच वेळ शांतता पसरली आणि एका मुलाने मंचावरूनच ‘वेट, आय हॅव अ क्वेश्चन’ असे म्हणत ती मोडली. आदल्या वर्षीच्या नाटिकेइतकी सफाई या प्रयोगात नव्हती आणि काही पालकांनी तसे बोलूनही दाखवले.

निष्पत्ती

सत्राच्या शेवटी त्याच जोड्यांना तेच सुट्टीविषयीचे काम पुन्हा दिले आणि संभाषण ध्वनिमुद्रित केले. ‘अँड?’ आणि ‘देन?’ पूर्ण गेले नव्हते, पण त्यांच्या जोडीला आता खरे प्रश्न होते आणि मुख्य म्हणजे मिळालेल्या उत्तरातून निघालेले पुढचे प्रश्न होते. ‘डिड यू वेंट?’ ही चूक मात्र सर्रास ऐकू येऊ लागली. वरवर पाहता ही नवी चूक आहे. माझ्या मते ती प्रगतीची खूण आहे. ‘यू वेंट व्हेअर?’ म्हणणाऱ्या मुलाला साहाय्यक क्रियापदाची गरजच कळलेली नसते. ‘डिड यू वेंट?’ म्हणणाऱ्याला ती कळलेली असते आणि काळाची खूण एकदाच करायची, एवढेच शिकायचे उरलेले असते. चूक मोजणाऱ्या गुणपत्रिकेत मात्र या दोन मुलांना सारखेच गुण मिळतात.

लेखी परीक्षेच्या निकालात डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडला नाही. पडावा अशी अपेक्षाही रास्त नव्हती, कारण त्या परीक्षेत विद्यार्थ्याने प्रश्न विचारण्याला जवळपास जागाच नव्हती. आवाजाबद्दल शेजारच्या वर्गाची तक्रार दोनदा आली. त्यानंतर काही प्रसंग ‘वाचनालयातील कक्ष’ म्हणून कुजबुजत करण्याची प्रथा पडली आणि ती मुलांना आवडलीही. शिक्षिकेवर पडलेला ताण हा दुर्लक्षिता येण्यासारखा मुद्दा नाही. चांगल्या चिठ्ठ्या तयार करायला धडा शिकवण्याच्या तयारीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि एकदा वापरलेली चिठ्ठी त्याच वर्गात पुन्हा चालत नाही.

वेगळे काय करता येईल

पुन्हा असा उपक्रम आखताना सुरुवातीचे ध्वनिमुद्रण काही निवडक जोड्यांचे न घेता सर्वांचे घ्यावे. मधल्या पातळीच्या, फारशा नजरेत न भरणाऱ्या मुलांत काय बदल झाला, याचा पुरावा या प्रकरणात तोकडा आहे. मूल्यमापनासाठी ‘प्रश्न विचारला का’, ‘रचना कोणत्या टप्प्यावर आहे’ आणि ‘पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातून निघाला का’ हे तीन निकष आधीच ठरवून शाळेपुढे ठेवले, तर लेखी गुणांशी होणारी चुकीची तुलना टळेल.

चिठ्ठ्या लिहिण्याचे काम पहिल्यापासून मुलांच्या गटांकडे द्यावे. ते एका मुलीसाठी शोधलेले काम होते, पण त्यात भाषेचा जो विचार करावा लागतो तो सर्वांच्याच उपयोगाचा आहे आणि शिक्षकाचा भारही त्याने हलका होतो. पाहणाऱ्यांना टाळीच्या क्षणापुरते काम होते; एरवी त्यांतले काही जण खिडकीबाहेर पाहत असत. प्रत्येक पाहणाऱ्याने न विचारला गेलेला एक प्रश्न वहीत लिहावा, ही साधी अट घालता आली असती.

सादरीकरणाविषयी मात्र आमच्यात एकमत झालेले नाही. शिक्षिकेच्या मते पालकांपुढचा प्रयोग पूर्ण बांधलेलाच असावा आणि मोकळे प्रसंग वर्गाच्या चार भिंतींत राहावेत. माझ्या मते ज्या भागात शांतता पसरली आणि मुलाने ती स्वतःच्या वाक्याने मोडली, तोच भाग पालकांनी पाहायला हवा होता. पुढच्या तुकडीसाठी पालकांना एका नेहमीच्या तासाला बोलावून खिडकीपलीकडचे प्रवासी करायचे, असा मधला मार्ग सध्या विचारात आहे.